ताईंची द्राक्षं आणि आमचे पाय

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक पाटी आहे: ‘विसर्जनाच्या टबात कपडे धुण्यास व नाचण्यास सक्त मनाई आहे.’ ही पाटी माझ्यामुळे लागली.

एरवी मी पाट्या लागण्याजोगी बाई नाही. मुलुंडला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, लोकांचे रिपोर्ट लोकांना देते. घरात माणसं तीन: मी, माझा नवरा विलास आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्या मालवण सोडून पन्नास वर्षं झाली तरी मालवणीतच बोलतात आणि मालवणीतच रागावतात. दोष एकच. मला स्वस्थ बसवत नाही. समोर बंद डबा दिसला की उघडून बघायचा, आणि मनात आलेलं बोलून मोकळं व्हायचं!

याच दोषापायी माझी नणंद, म्हणजे सुनंदाताई, माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हत्या. झालं होतं एवढंच, की गणपतीत त्यांनी केलेला मोदक हातात घेऊन मी म्हटलं, “ताई, कळ्या जरा कमीच पडल्यात का?” (अकरा होत्या. मी मोजल्या होत्या. तेही बोलले होते!) त्या दिवसापासून ताई आमच्याकडे आल्या नाहीत. फोन करायच्या तो आईंना नाहीतर विलासला. चुकून मी उचलला तर “राँग नंबर” म्हणून ठेवून द्यायच्या. सख्ख्या भावाच्या घरचा राँग नंबर!

आईंना याचं फार वाईट वाटायचं. “माजो डोळो मिटूच्या आधी दोगीय एका पंगतीक बसा,” असं त्या दर सणाला म्हणायच्या आणि जेवण निम्म्यावर टाकून उठायच्या. मलाही वाईट वाटायचं, पण माफी मागायला फोन करावा तर तो राँग नंबर!

आणि एका बुधवारी ताईंचा फोन आला, चक्क माझ्या मोबाइलवर.

“वैशाली, रविवारी वास्तुशांत आहे घाटकोपरच्या नव्या घराची. तू यायचंस. आणि एक काम आहे. निखिलनं बेल्जियमहून पार्सल पाठवलंय. इकडे रंगाचं काम चालूय, म्हणून तुमचा पत्ता दिलाय. भिंतीवर लावायचा विणलेला पडदा आहे, जुन्या राजवाड्यांत असायचे तसा. त्याला रजा नाही ना, म्हणाला, आई, पूजेच्या वेळी हा भिंतीवर लाव, मी व्हिडिओ कॉलवर बघीन, म्हणजे मी आल्यासारखंच. शनिवारी संध्याकाळी मी न्यायला येते. जपून ठेव हं. आणि उघडू नकोस!”

“छे छे ताई, उघडते कशाला!” मी म्हटलं.

पार्सल गुरुवारी सकाळी अकराला आलं. मी ते अकरा वाजून चार मिनिटांनी उघडलं.

आता यात माझा एकटीचा दोष नाही. समोरच्या ठक्कर भाभींच्या हॉलमध्ये श्रीनाथजींची मोठी पिछवाई, म्हणजे कापडावर रंगवलेलं चित्र आहे. गायी, कमळं, सोनेरी काठ. येणारा माणूस चपला काढायच्या आधी हात जोडतो. आणि आमच्या हॉलच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ, तेही दहा मिनिटं पुढे. पंधरा वर्षं मी भाभींच्या भिंतीकडे बघत चहा पितेय! मला वाटलं, दोन दिवस, फक्त दोन दिवस आपलीही भिंत बघण्यासारखी होऊ दे. शनिवारी दुपारी घडी घालून परत पॅक. कोणाला काय कळणार?

विलास म्हणाला, “ताईनं उघडू नको म्हटलंय ना?”

“अहो, हवा नको लागायला? एवढ्या लांबून आलंय, वास येईल!”

विलास भांडणात पडत नाही, स्टुलावर चढतो. त्यानं पडदा टांगला आणि आम्ही तिघं समोर येऊन उभे राहिलो. आठ फूट रुंद, सहा फूट उंच. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातल्या पडद्याची नक्कल, आणि त्यावर द्राक्षांची तोडणी. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया घड तोडतायत, पाट्या भरून आणतायत. मध्ये एक भलंमोठं लाकडी टोपलं, त्यात दोन बाया आणि एक पुरुष, कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, घोट्यापर्यंत जांभळे झालेले पाय उचलून द्राक्षं तुडवतायत. आणि बाजूला पांढऱ्या घोड्यावर बसून एक जमीनदार हे सगळं बघतोय. स्विचबोर्ड नेमका त्या घोड्यामागे गेला होता. पंखा लावायचा तर घोड्याच्या शेपटीखाली हात घालावा लागे.

आई चष्मा लावून जवळ गेल्या. “ह्यो बायलो गोधड्यो धुतत काय गो?”

“आई, गोधड्या नाहीत. द्राक्षं आहेत. वाइन करायला पायानं तुडवतात.”

“पायान तुडवलेला पितत?” आई दोन पावलं मागे सरकल्या. “मेल्यांच्या तोंडार शिरा पडली! नाय गो, गोधड्योच त्यो. बघ कशी टाच मारतासा ती.”

मी हसले. त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

शुक्रवारी संध्याकाळी मी भाभींना बोलावलं. साधं नाही, बेत करून बोलावलं! ऑफिसच्या पार्टीत सोडतीत लागलेले लांब दांड्यांचे काचेचे ग्लास सहा वर्षं खोक्यात पडून होते, ते काढले. द्राक्षांना शोभेल असं काहीतरी हवं म्हणून आईंच्या बहिणीनं मालवणहून पाठवलेलं कोकमाचं आगळ काढलं आणि त्याचं दाट सरबत करून ग्लासांत ओतलं. रंग अगदी वाइनचा. वास जिऱ्याचा.

भाभी आल्या, बघतच राहिल्या. “अरे वाह, वैशालीबेन! आ शुं छे? किती मोठा! कुठून आणला?”

“बेल्जियम,” मी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले. (आरशासमोर तीनदा सराव केला होता.)

“आणि हे लोक काय करतात?”

“ही वाइनची प्रोसेस आहे, भाभी. इकडे तोडणी, इकडे तुडवणी, आणि इकडे...” असं म्हणत मी जमीनदाराकडे हात केला. त्या हातात ग्लास होता, हे मी विसरले. सरबत नाही विसरलं. ते अख्खंच्या अख्खं उडालं आणि पांढऱ्या घोड्यावर मानेपासून शेपटीपर्यंत पसरलं.

 घोड्याच्या पोटाखालून लाल ओघळ निघाला आणि स्विचबोर्डाकडे जाऊ लागला. विलासनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. अंधारात मोबाइल तेवढा उजळला. ताईंचा निरोप होता: “पार्सल नीट आहे ना गं? उघडलं नाहीस ना?”

मी लिहिलं: “नाही ताई. आहे तसंच.”

हे खोटं मला रात्रभर टोचत राहिलं. बरं, कोकमाचा डाग म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या लग्नात विलासच्या सदऱ्यावर सोलकढी सांडली होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, डाग अजून आहे. तरी मी मीठ लावलं, लिंबू लावलं, खायचा सोडा लावला, मोबाइलवरच्या एका बाईचं ऐकून टूथपेस्टसुद्धा लावली. घोडा होता तसाच लाल राहिला. फक्त आता त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता.

शनिवारी सकाळी आठला लाँड्रीच्या दारात उभी राहिले. लाँड्रीवाल्यानं पडदा चिमटीत धरला. “मॅडम, ये तो गालीचा है. मंगलवार को मिलेगा.”

“अरे भैया, वास्तुशांत संडे को है!”

“तो फिर बुधवार समझो.”

मी पडदा खांद्यावर टाकून घरी आले आणि सोफ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. विलास म्हणाला, “ताईला फोन करून खरं सांगून टाक.”

“सहा वर्षांनी बोलल्यात हो! ते मोदकावरून होतं, हे तर लेकानं पाठवलेलं आहे! पुन्हा आयुष्यात बोलणार नाहीत!”

आणि मला रडूच आलं. खरंच आलं. पडद्यासाठी नाही. बुधवारी फोनवर ताईंनी “तू यायचंस” म्हटलं, तेव्हा पलीकडच्या खोलीतून आईंनी देवाला हात जोडलेले मी पाहिले होते, त्यासाठी.

आईंनी मला रडू दिलं. मग पडद्याचं टोक उलटून त्यावरचं लेबल डोळ्यांजवळ धरलं. “हय काय लिवल्यानी हा?”

अक्षरं कुठल्यातरी परदेशी भाषेत होती, पण खाली एक चित्र होतं. पाण्याचं घमेलं, त्यात बुडवलेला हात आणि त्यावर मोठी फुली.

“हातानं धुवू नका, असं आहे,” विलास म्हणाला.

“हातान नको ना?” आईंचे डोळे चमकले. “मगे पायान धुवया! आणि तुमका काय दिसना नाय? ह्या एवढ्या मोठ्या चित्रात दाखवल्यानी हा, कसा धुवूचा ता!”

मी पडद्याकडे बघितलं. टोपलं. त्यात तिघं. गुडघ्यापर्यंत खोचलेले कपडे. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्या गोधड्याच वाटल्या. बारावी सायन्स केलेल्या, रोज लोकांचे रिपोर्ट हाताळणाऱ्या बाईला पटलं, की बेल्जियमच्या लोकांनी आठ फुटांचं धुण्याचं माहितीपत्रक विणून पाठवलंय!

आमच्या बाथरूममध्ये एक माणूस आणि एक बादली एकावेळी मावत नाही. पण गच्चीवर सोसायटीचा विसर्जनाचा टब होता. घरचे गणपती समुद्रावर न नेता तिथंच बुडवायचे म्हणून घेतलेला, कमरेएवढा, निळा. आई आधी अडल्या, “गणपतीच्या टबात पाय?” मग स्वतःच तोड काढली: टबाला हळदकुंकू लावायचं, नमस्कार करायचा, आणि पाय साबणानं धुऊन मगच आत जायचं. तसं केलं. पाणी सोडलं, रिठे टाकले, पडदा बुडवला. विलासनं लेंगा गुडघ्यावर घेतला, मी साडीचा काचा मारला. आई काठी टेकत वर आल्या आणि टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या.

“टाच मारा! टाच!”

तेवढ्यात ठक्कर भाभी पापड वाळत घालायला वर आल्या. त्यांना आधीच अपराधी वाटत होतं. (ग्लास माझ्या हातातला होता, पण भाभी मनानं फार चांगल्या.) त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे, असं नाही होणार! तुम्ही दोघं दोन दिशेला जाता. ताल पाहिजे, ताल!”

आणि पापडांची परात बाजूला ठेवून त्या टबात उतरल्या. “हा, माझ्यामागे. दोन पाऊल पुढे, एक मागे, आणि टाळी!”

विसर्जनाच्या टबात आमचा गरबा सुरू झाला. पुढे भाभी, मध्ये मी, मागे विलास, जो टाळी नेमकी चुकीच्या वेळी वाजवत होता. खुर्चीतून आई काठीनं ठेका देत होत्या. पाणी आधी गुलाबी झालं. मला आनंद झाला, डाग सुटतोय! मग ते जांभळं झालं. मग हिरवं मिसळलं, मग तपकिरी, मग त्याला काय म्हणावं ते मला कळेना.

“अहो, कोकम एवढं होतं का?” मी विचारलं.

विलासनं पाय वर उचलला. घोट्यापर्यंत जांभळा. मी माझा उचलला. जांभळा. भाभींनी उचलला. जांभळा, आणि वर पैंजणसुद्धा!

आमच्या पायाखाली ताईंची बाग विरघळत होती.

“थांबा! थांबा!” मी ओरडले. पण गरब्याला लगेच थांबता येत नाही. विलास मला धडकला, मी भाभींना, आणि त्याच वेळी गच्चीचं दार उघडलं. दारात सुनंदाताई उभ्या होत्या. संध्याकाळी येणार होत्या, सकाळीच आल्या. घराला कुलूप बघून त्यांनी वॉचमनला विचारलं होतं आणि वॉचमन म्हणाला होता, “सब लोग टेरेस पे टब में नाच रहे हैं.” त्यांचा विश्वास बसला नव्हता. आता बसला.

“हे काय चाललंय?” ताईंनी विचारलं.

टबात आम्ही तिघं, कपडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पाय जांभळे. शेजारी खुर्चीत, काठीवर हात ठेवून, तटस्थपणे बघणाऱ्या आई. घोडा तेवढा नव्हता.  आईंनीच उत्तर दिलं. दोन दिवस गोधड्या गोधड्या म्हणणाऱ्या आमच्या आई शांतपणे म्हणाल्या, “द्राक्षा तुडवतो आमी. येतंस?”

मग मात्र माझा बांध फुटला. टबात उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. पार्सल चार मिनिटांत उघडलं, भाभींना दाखवायला लावलं, शायनिंग मारायला काचेचे ग्लास काढले, कोकम सांडलं, खोटा निरोप लिहिला. “ताई, मी नालायक आहे! मोदकाच्या वेळीही मीच नालायक होते! कळ्या अकरा होत्या, पण माझ्या नऊच पडतात, म्हणून जळून बोलले होते!”

हे मी आजवर विलासलाही सांगितलं नव्हतं. तो टबात मटकन बसला.

ताई पुढे आल्या. टबात वाकून बघितलं. पाण्याला बोट लावून बघितलं. मग माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“नऊ?” त्या म्हणाल्या.

“नऊ.”

“आणि गोधडीही चवड्यावर तुडवतेस. अगं, टाचेनं तुडवायची असते! मोदक येत नाही, गोधडी येत नाही, तुला येतं तरी काय?” असं म्हणत त्यांनी पायातल्या नव्याकोऱ्या चपला काढल्या, पदर खोचला आणि टबात पाय टाकला. “आता भिजलाय तो भिजलाय. फेस तरी निघू दे. विलास, उठ. भाभी, तुम्ही ताल धरा.”

आई खुर्चीत बसून पदराला डोळे पुसत होत्या. पंगत नव्हती, पण दोघी एका टबात होत्या, आणि आईंचं तेवढ्यावर भागलं.

पडदा वाळला तेव्हा खरा प्रकार कळला. झाडं फिकी पडली, द्राक्षांचे घड राखाडी झाले, जमीनदाराचा अंगरखा गेला तो गेलाच. सगळा रंग उतरला. उतरला नाही तो एकच, कोकमाचा डाग! त्या सगळ्या फिक्या मंडळींत घोडा तेवढा झगझगीत लाल होता.

रविवारी तो तसाच ताईंच्या भिंतीवर लागला. व्हिडिओ कॉलवर निखिल ओरडला, “आई, सॉलिड दिसतंय! अगदी म्युझियममधल्यासारखं जुनं! पण घोडा लाल कसा?”

“तुझ्या मामीनं जातीनं लक्ष घातलंय,” ताई म्हणाल्या.

पूजेला चपला चालत नाहीत. यजमानीण म्हणून पाटावर ताई, मागे मी, आणि दाराशी विलास; तिघांचे पाय घोट्यापर्यंत जांभळे. गुरुजींनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग मंत्र जरा भराभर म्हणायला लागले. जेवणं झाल्यावर ताईंच्या नव्या शेजारणी पडद्यासमोर जमल्या. एकजण अगदी जवळ जाऊन म्हणाली, “गंमतच आहे नाही? एवढी द्राक्षं तुडवतायत, पण यांचे पाय बघा, पांढरेफटक!”

मी पाय साडीत ओढले. उशीर झाला होता.

“तुडवायचं काम त्यांनी बाहेर दिलंय,” ताईंनी माझ्याकडे बोट केलं. “मुलुंडला.”

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. माझे पाय अजून पूर्ण निवळलेले नाहीत. लॅबमध्ये मी मोजे घालून बसते, कारण पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला न विचारताच माझं रक्त काढलं. ताईंचा फोन रोज येतो, माझ्याच मोबाइलवर. कालही आला.

“वैशाली, येत्या रविवारी ये. आईंना घेऊन ये, जेवायलाच या.”

माझा ऊर भरून आला. “नक्की येते ताई! येताना काय आणू? मोदक करू?”

“नको,” ताई म्हणाल्या. “पाच गोधड्या काढल्यात. पाय तेवढे घेऊन ये.”